डॉन नदीला तिचं मुख परत मिळालं: टोरंटोच्या बंदरातल्या पूरखोऱ्याचं प्रकरण

जुलै २०२५ मध्ये टोरंटोच्या जुन्या बंदर भागात बिडासिगे नावाचं उद्यान लोकांसाठी खुलं झालं. फोटोंत दिसली ती लाकडाची भलीमोठी घुबडं आणि रॅकून, तारेवरून घसरत जाणारी मुलं, काठाला टेकवलेल्या कायाक. उद्यान आहेच देखणं. पण ते ज्या कामाच्या अंगावर उभं आहे ते काम पुराचं आहे. शहराच्या मध्यवस्तीला लागून असलेल्या भरावाच्या जमिनीत सुमारे एक किलोमीटर लांबीचं नवं नदीखोरं खोदलं गेलं, त्याच्या दोन्ही अंगांना पाणथळ जागा तयार केल्या गेल्या आणि डॉन नदीला ऑन्टारियो सरोवरापर्यंत जायला नवी वाट मिळाली. या सगळ्या कामावर सुमारे १४० कोटी कॅनेडियन डॉलर खर्च झाले.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निर्णयांचा क्रम. नदीला किती रुंदी लागेल हे आधी ठरलं. रस्ते, पूल, इमारतींचे भूखंड आणि बागा यांना उरलेल्या जागेत बसावं लागलं. आपल्याकडे हा क्रम नेहमी उलटा असतो, म्हणून हे प्रकरण मराठीत सविस्तर मांडावंसं वाटलं.

दलदल, भराव आणि काटकोन

डॉन ही काही मोठी नदी नव्हे. लांबी जेमतेम ३८ किलोमीटर. उत्तरेला हिमनदीने मागे सोडलेल्या वाळू-गोट्यांच्या टेकाडांत ती उगम पावते, तिचे दोन फाटे शहरात एकत्र येतात आणि ती सरोवराला मिळते. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिच्या मुखाशी अ‍ॅशब्रिजेस बे नावाची प्रचंड दलदल होती, अंदाजे ५०० हेक्टरची. पूर्व कॅनडातल्या मोठ्या पाणथळींपैकी ती एक. नदी तिथे पोहोचली की पसरायची, गाळ टाकायची आणि लव्हाळ्यातून वाट काढत सरोवरात शिरायची.

मग शहर वाढलं. गूडरहॅम अँड वर्ट्स या मद्याच्या कारखान्याच्या गोठ्यांतलं शेणमूत दलदलीत जायचं, शहराचं सांडपाणीही तिथेच. १८८० च्या दशकात नदीचा खालचा भाग सरळ केला गेला, कारण रेल्वेला आणि कारखान्यांना जागा हवी होती. १८९० च्या दशकात पटकीची भीती पसरली तेव्हा नगर अभियंता एडवर्ड कीटिंग याने दलदलीतून चर काढून पाणी खेळतं करायची योजना आखली. त्या चराला आजही कीटिंग चॅनेल म्हणतात. १९११ साली बंदर आयोग स्थापन झाला, पुढच्याच वर्षी त्याचा आराखडा आला आणि दलदल बुजवायला सुरुवात झाली. भरावावर कोळशाच्या वखारी आल्या, पुढे तेलाच्या टाक्या आल्या. नदीला मात्र या नव्या जमिनीतून जायला वाट ठेवली नाही. दक्षिणेकडे वाहत येणाऱ्या डॉनला शेवटच्या टप्प्यात पश्चिमेकडे थेट काटकोनात वळवून कीटिंग चॅनेलमध्ये घातलं.

या काटकोनातच पुढच्या शंभर वर्षांचं दुखणं आहे. वेगाने येणारं पाणी वळणावर भिंतीला धडकतं, मंदावतं आणि सोबतचा गाळ तिथेच खाली बसतो. गाळाने तळ वर आला की चॅनेलची पाणी वाहून नेण्याची ताकद कमी होते. वरून वाहून आलेली झाडं आणि हिवाळ्याअखेरचे बर्फाचे तुकडे ठेंगण्या पुलांना अडकतात. पाणी मागे तुंबतं आणि काठ सोडून आजूबाजूच्या सखल जमिनीवर पसरतं, म्हणजे जिथे पूर्वी दलदल होती नेमकं तिथेच. कीटिंग चॅनेलमधून दरवर्षी तीस-चाळीस हजार घनमीटर गाळ उपसावा लागायचा, तोही बोटी आणि पाण्याला कशीबशी वाट ठेवण्यापुरता. मोठा पूर आला तर मध्यवस्तीच्या आग्नेयेकडची सुमारे २९० हेक्टर जमीन पाण्याखाली जाईल असा हिशेब होता.

मुंबईच्या वाचकाला इथे मिठी आठवल्याशिवाय राहणार नाही. विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ही जेमतेम १८ किलोमीटरची नदी. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तिलाही काटकोनी वळणं दिली गेली, आणि मुखाजवळच्या खारफुटीच्या दलदलीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा नदीने आपली जुनी जागा मागितली. त्यानंतर माधव चितळे यांच्या समितीने कारणं मांडली, मिठीसाठी वेगळं प्राधिकरण झालं, पात्र खोल आणि रुंद केलं गेलं, काठांवर भिंती बांधल्या गेल्या. दुखणं दोन्हीकडे एकाच जातीचं होतं. टोरंटोने भिंत उंच करण्याऐवजी वळणच काढून टाकलं.

हेझलची पूररेषा

१५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझल नावाचं चक्रीवादळ टोरंटोवर आलं. आधीच्या पावसाने जमीन भिजून चिंब झाली होती, त्यामुळे पडलेलं पाणी थेट नद्यांत उतरलं. ऑन्टारियो प्रांतात ८१ माणसं गेली. सर्वांत मोठा घाव बसला तो शेजारच्या हंबर नदीकाठी: रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावर ३५ जण दगावले, घरंच्या घरं माणसांसकट वाहून गेली.

या आपत्तीनंतर प्रांताने जे केलं ते आजच्या प्रकल्पाचा पाया आहे. पूरपट्ट्यात पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. नदीकाठच्या जमिनी सरकारने विकत घेतल्या आणि तिथे बागा झाल्या. रेमोर ड्राइव्हच्या वाहून गेलेल्या घरांच्या जागीही आज उद्यान आहे. १९५७ साली सगळ्या नद्यांच्या पाणलोटांसाठी एकच संवर्धन प्राधिकरण तयार झालं. त्याची हद्द पाणी कुठून कुठे वाहतं त्यावर ठरली. नगरपालिकांच्या सीमा बाजूला राहिल्या. एका गावाने भराव टाकायचा आणि खालच्या गावाने बुडायचं, या प्रकाराला त्यामुळे बराच आळा बसला.

दुसरी गोष्ट पूररेषेची. आपल्याकडे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. टोरंटोच्या परिसरात नियमनासाठी धरलेला पूर शक्यतेच्या आकडेमोडीतून आलेला नाही. हेझलच्या वेळी पडला तेवढा पाऊस या नदीच्या पाणलोटावर पडला तर किती पाणी येईल, हा तिथला प्रश्न. डॉनच्या बाबतीत उत्तर येतं सेकंदाला सुमारे १,७०० घनमीटर. एरवी हीच नदी सेकंदाला चार-पाच घनमीटर पाणी घेऊन निवांत चाललेली असते. रोजच्या शेकडो पट पाणी एका रात्रीत आलं तर ते कुठे ठेवायचं, हा सवाल कायद्यानेच समोर ठेवलेला असल्यामुळे त्याला बगल देऊन बंदर भागात एकही मोठी इमारत उभी राहू शकत नव्हती. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. पूररेषा सोयीप्रमाणे सरकवता आली असती तर या खोऱ्याची गरजच कुणाला भासली नसती.

अंत्ययात्रेपासून मंजुरीपर्यंत

१९६९ साली विद्यार्थी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी डॉन नदीची चक्क अंत्ययात्रा काढली. नदी तेव्हा खरोखरच मेल्यात जमा होती. १९८९ मध्ये नागरिकांचा कृतिगट नगरपालिकेच्या पाठिंब्याने कामाला लागला आणि १९९१ च्या त्याच्या अहवालात मुख पुन्हा नैसर्गिक करण्याची कल्पना स्पष्टपणे मांडली गेली. २००१ मध्ये केंद्र, प्रांत आणि शहर या तिघांनी मिळून वॉटरफ्रंट टोरंटो ही संस्था उभी केली. तीन सरकारं, तीन पक्ष, तीन निवडणूक-चक्रं सांभाळत चालणारी ही संस्था टिकली, हेच मोठं काम.

२००७ ला आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकली मायकल व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांच्या उद्यानरचना कार्यालयाच्या चमूने. नदीला काटकोनातून सोडवून दक्षिणेकडे न्यायचं, बंदर भागातून वळसा घेऊन मग पश्चिमेला सरोवरात सोडायचं आणि मधल्या जमिनीचं बेट करायचं, हा त्यांच्या आराखड्याचा गाभा. नदी वस्तीच्या मागच्या दाराने न जाता मधूनच जाणार होती. म्हणजे नदी हीच त्या वस्तीची मुख्य मोकळी जागा होणार, तिला दुर्लक्षित करणं पुढच्या पिढ्यांना जमणार नाही, हा त्यामागचा हेतू मला पटतो.

दरम्यान नदीच्या पश्चिम काठाला मातीचा उंच, रुंद बांध घातला गेला आणि त्यावर कॉर्कटाउन कॉमन हे उद्यान २०१३ साली झालं. नदीच्या पश्चिमेकडची मध्यवस्ती त्याने वाचली. २०१५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धांचं क्रीडाग्राम त्याच्याच आडोशाला उभं राहिलं. पूर्वेकडचं आणि दक्षिणेकडचं पाणी मात्र शिल्लक होतं.

२०११ मध्ये सगळं उधळता उधळता राहिलं. महापौर रॉब फोर्ड यांचे बंधू, नगरसेवक डग फोर्ड यांनी या जागेवर मोठा मॉल, मोनोरेल आणि अवाढव्य आकाशपाळणा यांचं चित्र पुढे आणलं. काम पटकन होईल, पैसा पटकन येईल, हा युक्तिवाद होता. त्याविरुद्ध नागरिक उठले, नियोजनाचे जाणकार उठले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने एकमताने जुन्या मार्गालाच कौल दिला. पण त्या वादातून एक चांगली गोष्टही निघाली. खर्च आणि टप्पे यांची नव्याने छाननी झाली आणि योजना जास्त आटोपशीर होऊन पुढे गेली. २०१५ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. २८ जून २०१७ ला तिन्ही सरकारांनी मिळून १२५ कोटी डॉलर जाहीर केले. ही रक्कम पुढे वाढत गेली.

कोरड्यात खोदलेली नदी

बंदर भागातली माती म्हणजे शंभर वर्षांचा कोळसा, तेल आणि राडारोडा. अशा मातीतून नदी नेली असती तर तिने ते सगळं विष सरोवरात नेऊन सोडलं असतं, आणि त्याच सरोवराचं पाणी शहर पितं. म्हणून नदी कोरड्यात खोदली गेली. दोन्ही टोकांना मातीचे बंधारे तसेच ठेवले, कडेने जमिनीत खोल भिंती उतरवून भूजल अडवलं, आत झिरपणारं पाणी उपसून स्वच्छ केलं. दहा लाख घनमीटरहून जास्त माती निघाली. त्यातली वापरण्याजोगी तिथेच शेजारच्या जमिनीवर टाकून ती जमीन पूरपातळीच्या वर उचलली. म्हणजे एकाच मातीने खड्डाही झाला आणि उंचवटाही.

खोऱ्याच्या तळाशी खालच्या दूषित थरापासून नदीला वेगळं ठेवणारी अस्तरं अंथरली: पाणी अडवणाऱ्या चिकणमातीची चादर, तेलाचे अंश शोषून घेणारा सक्रिय कोळसा, त्यावर वाळू, खडी आणि दगड. वरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात लव्हाळे आणि संथ पाणी.

काठाची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ कापतो, म्हणून तिथे मोठे दगड आणि मुळांसकट आडवे घातलेले झाडांचे बुंधे आहेत. मुळांचा जटाभार पाण्याकडे असतो. प्रवाहाचा मारा तो झेलतो आणि त्याच्या सावलीत मासे थांबतात. त्याच्या वर माती थरांथरांनी रचलेली आहे आणि प्रत्येक थर काथ्याच्या जाळीत गुंडाळलेला आहे. हा काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचाच, कोकणातल्या कुणालाही हाताने ओळखता येईल असा. थरांच्या मधून विलोच्या ओल्या फांद्या खोचलेल्या. काही वर्षांत काथ्या कुजून मातीत मिसळणार, आणि तोवर विलोची मुळं माती धरून ठेवणार. काँक्रीटची भिंत पहिल्या दिवशी सर्वांत मजबूत असते आणि नंतर झिजत जाते. इथे काठ पहिल्या दिवशी सर्वांत कच्चा असतो आणि वर्षागणिक घट्ट होत जातो. नदीकाठ सुशोभीकरणाच्या निविदा काढणाऱ्या आपल्या प्रत्येक महापालिकेच्या अभियंत्याने हा काठ एकदा वाकून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

पूर आला की हे खोरं कसं चालतं? रोजचं पाणी मधल्या अरुंद, वळणदार पात्रातून जातं. पाणी वाढलं की ते पात्र सोडून दोन्ही बाजूंच्या पाणथळींवर आणि गवताळ पट्ट्यावर चढतं. पूर वाहून नेणारं खरं पात्र हा पूर्ण रुंदीचा सखल पट्टाच आहे. पाणथळीतली रोपं वाकतात, पाणी वरून निघून जातं, रोपं पुन्हा उभी राहतात. त्याहून मोठा पूर आला तर आणखी दोन वाटा आहेत. जुना कीटिंग चॅनेल बुजवलेला नाही. आता तो जादा पाण्याची वाट आहे. आणि दक्षिणेकडे शिप चॅनेल या बंदरातल्या जहाजांच्या कालव्यात उतरणारा एक हिरवा पट्टा सांडव्याचं काम करतो. धरणाच्या सांडव्याइतकाच तो गरजेचा, फक्त एरवी त्यावर पक्षी असतात.

गाळाची सोय मुखापर्यंत येण्याआधीच केली आहे. लेक शोर रस्त्याच्या पुलाच्या वरच्या अंगाला नदीला एक रुंद, खोल डोह दिला आहे. तिथे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, वाहून आलेले ओंडके अडवले जातात आणि हे सगळं एकाच ठिकाणाहून उपसता येतं. पूलही लांब आणि मोकळा केला, नाहीतर तो पुन्हा बुचासारखा अडकला असता. बेटाला जोडणारे नवे पूल नोव्हा स्कोशियात बनले आणि सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गाने तराफ्यावरून टोरंटोत आणले गेले. पहिला २०२० मध्ये आला.

भरावाखालची बियाणी

खोदकाम चालू असताना कामगारांच्या लक्षात आलं की उपसून ठेवलेल्या जुन्या काळ्या मातीतून हिरवे कोंब वर येताहेत. ही भरावाखालची मूळ दलदलीची माती होती, शंभराहून जास्त वर्षं उजेड न पाहिलेली. निघाले ते लव्हाळे, पाणकणीस आणि अ‍ॅशब्रिजेस बेची इतर पाणवनस्पती. वर तेलाच्या टाक्या येऊन गेल्या आणि खाली बी शाबूत राहिलं. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या मातीचे नमुने घेतले, आणि त्यांतून सूक्ष्म जलजीवही जागे झाले. काही रोपं जपून ठेवून नव्या पाणथळीत लावली गेली.

बाकीची लागवड अर्थातच रोपवाटिकांतून आली: सुमारे ५,००० झाडं, ७७,००० झुडपं आणि वीस लाखांवर पाणवनस्पती, गवतं नि फुलझाडं. लागवड एका पातळीवर केलेली नाही. ऑन्टारियो सरोवराची पातळी वर-खाली होते. २०१७ आणि २०१९ ला ती इतकी चढली की टोरंटोच्या बेटांवर पाणी शिरलं. म्हणून पाणथळीत उंच-सखल पायऱ्या आहेत. पाणी चढलं तर वरची पायरी दलदल होते, उतरलं तर खालची. कोवळी रोपं कॅनडा गूज या रानहंसांनी फस्त करू नयेत म्हणून जाळ्यांचे पिंजरे लावावे लागले. कार्प मासे तळ उकरून पाणी गढूळ करतात आणि रोपं उपटतात, म्हणून त्यांना पाणथळीत शिरू न देणारे अडथळे आहेत. निसर्गाला मोकळं सोडायचं म्हणजे पहिली काही वर्षं असा खडा पहारा ठेवायचा.

२०२४ मध्ये टोकांचे बंधारे काढले गेले. त्याआधी खोरं हळूहळू पाण्याने भरून तपासलं होतं. डॉन आपल्या नव्या वाटेने सरोवराला मिळाली आणि मधल्या जमिनीचं बेट झालं. त्याला आता ओक्वेमिन मिनिसिंग म्हणतात. बेटाचं आणि उद्यानाचं, दोन्ही नावं अनिशिनाबे या मूलनिवासी लोकांच्या भाषेतली आहेत. ही भूमी ज्यांच्याशी झालेल्या कराराखाली येते त्या मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट फर्स्ट नेशनचा आणि इतर मूलनिवासींचा सल्ला उद्यानाच्या रचनेतही घेतला गेला.

हे खोरं काय करत नाही

१६ जुलै २०२४ ला टोरंटोत काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि डॉन व्हॅली पार्कवे हा महामार्ग पाण्याखाली गेला. लोक गाड्यांत अडकले. ८ जुलै २०१३ ला याच दरीत एक लोकल गाडी पाण्यात अडकली होती, सुमारे १,४०० प्रवाशांसह. नवं मुख पूर्ण झालं तरी हे चित्र फारसं बदलणार नाही, कारण महामार्ग आणि रूळ दरीच्या तळात, नदीच्या कुशीत टाकलेले आहेत आणि पाणलोटाचा बहुतेक भाग इमारती, रस्ते आणि वाहनतळांनी झाकलेला आहे. मुख मोकळं झालं म्हणून वरचा ओघ कमी होत नाही. उद्घाटनाच्या भाषणांत ‘पुरापासून संरक्षण’ हे शब्द आले की सामान्य माणसाला सगळी नदी सुरक्षित झाली असं वाटतं. संरक्षण मिळालं आहे ते मुखाजवळच्या जमिनीला.

दुसरी उणीव पाण्याच्या गुणवत्तेची. शहराच्या जुन्या भागात पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. जोराचा पाऊस आला की वाहिनी ओसंडते आणि मैला नदीत येतो. त्यासाठी वेगळा, तीनशे कोटी डॉलरचा प्रकल्प चालू आहे: सुमारे २२ किलोमीटरचे बोगदे आणि साठवणुकीचे खोल कूप, म्हणजे पावसातलं पाणी आधी तिथे थांबेल आणि मग शुद्धीकरणाला जाईल. तो पूर्ण होईपर्यंत मोठ्या पावसानंतर या सुंदर पाणथळीत घाण पाणी येणारच. पाणथळ थोडंफार गाळून घेते, पण मैला शुद्ध करण्याचं यंत्र म्हणून तिच्याकडे पाहणं म्हणजे तिचा जीव घेणं.

आणि पैशांचं. तिन्ही सरकारांनी एवढा पैसा मोकळा केला तो फक्त लव्हाळ्यासाठी नाही. पूररेषेतून बाहेर पडलेली जमीन बांधकामाला खुली झाली. मध्यवस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पाण्याच्या काठावर, हजारो घरं आता या बेटावर होणार आहेत. हिशेब मांडला गेला तो असाच: आज नदीला जागा द्या, उद्या उरलेली जमीन मोलाची होईल. यात मला काही लपवण्यासारखं दिसत नाही. पाचशे हेक्टर दलदल गेली तिथे परत आलेला तुकडा फारच लहान आहे, तरी तो आला तो या हिशेबामुळेच. पण याच कारणाने हा नमुना उचलताना सावध राहायला हवं. जिथे जमिनीला एवढा भाव नाही, उदाहरणार्थ आपल्या एखाद्या मध्यम शहराच्या ओढ्यावर, तिथे हा हिशेब जुळणार नाही. तिथे पूरपट्टा मुळात बुजवू न देणं हाच स्वस्त उपाय आहे, हेझलनंतर ऑन्टारियोने केला तसा. आणि जिथे भाव खूप आहे, जसा मिठीच्या मुखाशी, तिथे जमीन आधीच विकली गेली आहे. माहीमच्या काठी धारावीजवळ जुन्या कचराभूमीवर उभं असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान हा त्यातला एक हिरवा अपवाद. अशी जागा टिकून आहे तोवर तिच्या भोवती नदीचा विचार करता येईल.

घरांबद्दलही बारकाईने पाहायला हवं. किती घरं परवडणारी असतील, ट्रामचे रूळ बेटापर्यंत कधी पोहोचतील, यांवर ठरेल की सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला हा काठ कोणाच्या वाट्याला येतो.

उरला गाळ. तो दरवर्षी येणार. पूर्वीचा गाळ लेस्ली स्ट्रीट स्पिट या सरोवरात पुढे गेलेल्या भरावाच्या जिभेवरच्या कप्प्यांत टाकला जायचा. ही जीभ १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून शहराच्या राडारोड्याने तयार होत गेली आणि कुणी न लावता तिथे झाडी, पक्षी आणि कासवं आली. गाळाने भरलेला पहिला कप्पा वरून झाकून २००७ मध्ये त्याचीच पाणथळ केली गेली. नव्या मुखाशी जे बगळे आणि बीव्हर दिसतात त्यांना फार लांबून यावं लागलेलं नाही, शेजारी हे आसरे आधीच होते. डोहातला गाळ उपसणं, अडकलेले ओंडके काढणं, कार्पचे अडथळे साफ ठेवणं आणि मेलेली रोपं बदलणं यांसाठी दरवर्षी माणसं आणि पैसा लागेल. खोऱ्याची पूरक्षमता डोह रिकामा आहे असं धरून मोजलेली आहे. उपसणी काही वर्षं लांबली तर तळ वर येईल, ओंडके पुन्हा पुलाला अडकतील आणि पाणी पुन्हा वरच्या अंगाला तुंबायला लागेल.